इटलीचे सहा खांब

ऑइलपेंटचा वास मला कधीच आवडत नसे, पण त्या कोठीच्या खांबांना तो रंग फासल्यापासून मला त्याची शिसारी आली आहे. यवतमाळच्या जुन्या शहरात हल्ली दर रविवारी सकाळी जुन्या वास्तू दाखवणारी पायी फेरी निघते. तिचा चौथा थांबा ही कोठी. कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या कुणा गोऱ्या साहेबानं ती बांधली. समोर सहा उंच गोल खांब, त्यांच्यावर त्रिकोणी कपाळ, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडी कुंड्या. जुन्या ग्रीक देवळांसारखं घर असावं अशी त्या लोकांची हौस, ती आमच्या उन्हात अजून उभी आहे.

फेरी सुरू व्हायच्या आधी ती काढणाऱ्या समितीनं खांबांना पिवळट रंग मारला आणि वरच्या नक्षीला सोनेरी. बुडाशी खर्रा खाऊन मारलेल्या तंबाखूच्या पिचकाऱ्या होत्या. त्या खरवडायचे कष्ट कोण घेणार? रंग त्यांच्यावरूनच फिरवला. आता त्या खालून तांबूस दिसतात आणि लोक तिथंच टेकून फोटो काढतात.

मुळात हे खांब चुन्याचे. आत वीट, वर चुना. चुन्याला आतली ओल बाहेर टाकावी लागते. ऑइलपेंटनं ती कोंडते आणि फोड येतात. ते यायला सुरुवातही झाली आहे. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझे वडील गवंडी होते आणि हे सहाही खांब त्यांनी घोटलेले आहेत. पन्नासेक वर्षांपूर्वी कोठीत सरकारी कचेरी होती, खांबांचा गिलावा गळून विटा उघड्या पडल्या होत्या. आई चुना मळायची, त्यात गूळ आणि मेथीचं पाणी घालायची. वडील शेवटचा हात गुळगुळीत गोट्यानं घोटायचे, खांबात स्वतःचा चेहरा दिसेस्तोवर. चुन्यानं त्यांची बोटं अशी खाल्ली, की रेशन दुकानातलं मशीन आजही त्यांचा अंगठा घेत नाही.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आवाज बरा, म्हणून फेरीत माहिती सांगायचं काम समितीनं मला दिलं. मी हरखून गेलो. घरी येऊन वडिलांना म्हणालो, "बा, रविवारी चला. सगळ्यांसमोर सांगतो, हे खांब कुणी केले ते." नव्वदीला आलेला माणूस. शनिवारी त्यांनी धोतर धुवायला काढलं, पांढरी टोपी काढली, न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली.

रविवारी सकाळी समितीच्या अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात कागद ठेवला. खांब इटलीहून आणलेल्या संगमरवराचे, असं त्यावर लिहिलं होतं. मी म्हणालो, साहेब, हा चुना आहे. ते हसले. "सर, चुना सांगतला तं कोन येईन पाहाले? संगमरवर म्हना. दिसतेच तसा."

दिसतोच तसा. माझ्या बापाच्या हाताला याहून मोठी दाद कुणी दिली नसेल आणि तीच दाद देऊन त्यांनी त्याला पुसून टाकलं होतं. मी कागद फाडायला हवा होता. पण फोटोवाला समोर उभा होता, शाल अंगावर होती, आणि मला ती आवडली होती. हे लिहितानाही तोंड कडू होतं.

कोठीपाशी आलो. पन्नास माणसं, पहिल्या ओळीत काठी टेकून वडील. मी खणखणीत आवाजात इटलीचा संगमरवर सांगितला. बोटीतून मुंबईपर्यंत आणि तिथून बैलगाड्यांवर, हे तर कागदावरही नव्हतं, ते मी पदरचं घातलं. लोकांनी माना डोलावल्या.

वडिलांशेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही तर इथलेच दिसता. खरंच इटलीचा आहे का हो?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांबावर तळहात टेकवला. हाताखाली रंगाचा एक फोड फुटला, पापुद्रा तळव्याला चिकटला. तो त्यांनी धोतराला पुसला.

"सरानं सांगतलं ना," ते म्हणाले. "मंग असनच."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सर म्हटलं. मला स्वतःची इतकी किळस आली, की पुढचे तीन थांबे मी काय बोललो ते आठवत नाही.

परतताना ऑटोत शाल मी मांडीखाली दाबून बसलो होतो. वडील शेजारी बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "इटली कोन्या तालुक्यात येते रे? घाटंजीकडं, का पांढरकवड्याकडं?"

ऑटोवाला हसला.

"तुही माय असती तं तिले सांगतलं असतं," वडील म्हणाले. "आपून दोघं इटलीले जाऊन आलो म्हनून."