पलंगाजवळचे पाच ड्रम

मंडळी, सासूबाईंच्या पलंगामागची भिंत सदा ओली, आणि त्यांचा खोकला काही जात नाही. म्हणून आज सकाळी पेंटरला बोलावलं.

तो हसलाच. "ताई, ही ओल पावसाची नाय. ह्या उघड्या ड्रमांची हाय."

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणून खोलीतच पाच ड्रम. दुपारी बादल्यांनी पाणी उपसून सगळे गॅलरीत हलवले. खिडकी उघडली. कोरडं, हलकं वारं आत आलं.

सासूबाई मात्र दुपारच्या झोपेला आडव्या होऊनही छताकडं बघत जाग्याच. तिथं रोज हलणारा पाण्याचा कवडसा आज नव्हता.

"पाणी जवळ नसलं की झोप लागत नाय गं."

एक ड्रम परत आणला, झाकण लावून. त्यावर हात ठेवून त्या झोपल्या.

तुमच्या घरी पाणी कुठं झोपतं?