आबांनी पुकारलेलं अमेरिकेचं मैदान

माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागतो, पण अमेरिकेतल्या त्या वार्षिक कुस्तीच्या कार्यक्रमाचा इतिहास तो झोपेतून उठवला तरी सांगेल. लग्न होऊन मी नेदरलँड्सला आले, फोरबर्गच्या घरात अजून माझे डबेसुद्धा मांडून झाले नव्हते, तेव्हाच त्यानं मला तो ऐकवला. पहिला कार्यक्रम न्यूयॉर्कला झाला. बाकीच्या गावांतल्या लोकांनी तो थिएटरात बसून पडद्यावर पाहिला. पुढे लोक घरी टीव्हीवर त्या एका कार्यक्रमाचे पैसे भरून बघायला लागले. मग स्टेडियमं एवढी फुगली की वरच्या रांगेतल्या माणसाला पैलवान मुंगीएवढे दिसत. कोणी कोणाला शिडीवरून पाडलं, कोणाचा जिगरी दोस्त ऐन वेळी उलटला, सगळं त्याला तोंडपाठ. मी एवढंच विचारलं, "पण हे आधी ठरलेलं असतं ना?" स्वारी संध्याकाळपर्यंत फुगून बसली होती.

त्याचे वडील, म्हणजे आबा, हाच प्रश्न त्याला त्याच्या लहानपणापासून विचारत आले होते. फक्त ते विचारत नसत, टीव्हीची वायर उपटत. सांगलीकडच्या आमच्या गावी चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान भरतं आणि आबा त्या मैदानाचे निवेदक. हातात माईक घेऊन ते कुस्ती पुकारतात. कोण कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आता डाव कोणता पडतोय, हे त्यांनी सांगितल्याशिवाय मैदानात मजा नाही असं सगळा तालुका म्हणतो. तरुणपणी हे काम अंगावर घेतल्यापासून त्यात एकदाही खंड पडला नव्हता. ताप अंगात घेऊन ते बोलले होते, आणि सासूबाई गेल्या त्या वर्षीही बोलले होते. अशा माणसाच्या पोटच्या पोरानं चकचकीत चड्डीतल्या अमेरिकन पैलवानांवर जीव टाकावा, हे त्यांना कधी पचलं नाही. "बंद कर ते सोंग," हे वाक्य नवऱ्यानं बालपणभर ऐकलं होतं.

त्या वर्षी थंडी संपता संपता आबा आमच्याकडे आले. जत्रेच्या आत परत सोडायचं, ही त्यांची एकच अट होती. तिकीटही तसंच काढलं होतं. मग कोरोनाचं ते सगळं सुरू झालं, विमानं बंद झाली आणि आबा फोरबर्गमध्ये अडकले. जत्रा रद्द झाल्याचं गावच्या गुरवानं फोनवर सांगितलं. देवळात पूजा तेवढी होणार होती, मैदान नाही. आबा "बरं" म्हणाले आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं.

आधी मला वाटलं, रुसलेत. पण शेतापलीकडच्या माणसाला घरातून हाक मारणारा हा माणूस मिठाची बरणीसुद्धा बोटानं दाखवून मागायला लागला, तेव्हा मी घाबरले. हौसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पॅरासिटामोल द्या, रोज चालायला न्या असं सांगितलं. इथे पाय मोडला तरी आधी हेच सांगतात. चालायला नेलं. कालव्याकाठी आबा बदकांकडे बघत उभे राहायचे आणि परत यायचे. एकदाच म्हणाले, "मी तिथं न्हाई तर न्हाई, पर मैदानच न्हाई म्हंजे... खंड पडला गं पोरी." त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि मी त्याचं खापर वाऱ्यावर फोडलं.

जत्रेचा दुसरा दिवस आणि नवऱ्याचा कार्यक्रम नेमके एकत्र आले. आयंडहोवनचे त्याचे मित्र दरवर्षी पाहायला यायचे, यंदा कोणी येणं शक्य नव्हतं. तो बिचारा रविवारी सकाळी एकटाच रेकॉर्डिंग लावून बसला, आवाज अगदी हळू. मी पोहे करत होते. आबा खिडकीपाशी गुरवाशी फोनवर होते. मैदानात निदान नारळ तरी फोडला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि तिथंच अडकली.

"माणसं कुटं हायती?"

नवऱ्यानं दचकून रिमोट उचलला. वायरीची जुनी धास्ती. "आबा, यंदा लोकांना आत सोडलेलं नाही. रिकाम्या हॉलमध्येच घेतलंय."

टीव्हीवर एक आडदांड पैलवान हात पसरून रिंगणाकडे येत होता आणि दोन्ही बाजूंना नुसत्या मोकळ्या खुर्च्या. टाळी नाही, शिट्टी नाही. तो मात्र लाख माणसं बघताहेत अशा थाटात चालत होता.

आबा फोन खिडकीतच ठेवून सोफ्याच्या कडेला टेकले. "म्हंजे ह्यांचं बी मैदान मोडलं म्हन की." मग हनुवटीनं टीव्हीकडे खूण करत, "आनि तरी उतरलाय गडी." सोंग हा शब्द त्यांनी काढला नाही. उलट इंग्रजी निवेदकांवर उखडले. "ही दोघं काय आपसात गप्पा हानत्यात? लोकं नसली की निवेदकानं वडायचं असतं मैदान. आवाज बंद कर त्यांचा."

नवऱ्यानं आवाज बंद केला. आबांनी घसा खाकरला, आणि आमच्या त्या डच बैठकीच्या खोलीत, जिथं भिंतीपलीकडच्या म्हातारीची शिंकसुद्धा ऐकू येते, ते उभे राहिले.

"कुस्तीशौकीन मंडळी! पुढची मंडळी खाली बसून घ्या, मागच्यांना दिसू द्या! झाडावरची पोरं खाली उतरा! आखाड्यात आलेला आहे निळ्या चड्डीचा पैलवान, आडनाव परदेशी, पण छाती बघा मंडळी, छाती!"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. निळ्यानं समोरच्या काळ्या चड्डीवाल्याला डोक्यावर उचललं, तर आबांनी त्यात आपल्याकडचा ढाक डाव शोधला. काळ्यानं पायात पाय घातला, तर "टांग लावली, टांग लावली!" दोरीवरून उडी पडली तेव्हा मात्र ते अडखळले. "हा डाव आपल्यात न्हाई मंडळी, पण गडी उडाला हे खरं!" पंच मार खाऊन आडवा झाला, तर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. नवरा सोफ्यावर पाय घेऊन दहा वर्षांच्या पोरासारखा बघत होता, टीव्हीकडे कमी आणि आबांकडे जास्त. खिडकीशी शेजारची म्हातारी काळजीनं डोकावली. मी अंगठा वर करून सगळं ठीक असल्याचं दाखवलं. तिनंही अंगठा दाखवला आणि तिथंच उभी राहिली.

कुस्ती संपली. आबा घाम पुसत बसले आणि खिडकीतल्या फोनमधून आवाज आला, "आबा, थांबलासा का?"

गुरवाचा फोन बंद करायचा राहून गेला होता. आणि गुरवानं काय करावं? हात धुवा, घरात बसा, हे सांगायला ग्रामपंचायतीनं देवळातला माईक त्याच्या ताब्यात दिला होता. त्यानं आपला मोबाइल त्या माईकपुढे धरला होता. भर दुपारी, सामसूम गावात, कर्ण्यातून आबा निळ्या चड्डीच्या पैलवानाची कुस्ती पुकारत होते.

"पोलीस पाटील पळत मैदानावर गेल्ता," गुरव हसत सांगत होता. "चोरून कुस्त्या लावल्यात म्हनून! काठी घिऊन गेला, तर तिथं एक कुत्रं झोपल्यालं."

नवऱ्याचा चेहरा पडला. गुन्हाबिन्हा दाखल होतो की काय, आबांना त्रास होतो की काय. तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि फोनवर पोलीस पाटीलच आला, धापा टाकत.

"आबा! कोन लढतंय ह्ये?"

"अमेरिकेची पोरं हायत," आबा दबकत म्हणाले. "टीव्हीवर."

"बरं. गर्दी न्हाई न्हवं?"

"चिटपाखरू न्हाई."

"मग सांगा की पुढं! त्यो काळ्या चड्डीचा उठला का न्हाई?"

आबांनी कान टवकारले. कारण आता पाटलाच्या मागून दुसरंच काही ऐकू येत होतं. लांबून, कुठल्या कुठल्या ओट्यांवरून, शिट्ट्या येत होत्या. मग हलगी. दरवर्षी मैदानात वाजवणारा हलगीवाला आपल्याच दारात बसून वाजवत होता. टीव्हीवर जगातला सगळ्यात मोठा कार्यक्रम मोकळ्या खुर्च्यांपुढे चालला होता, आणि आबांचं मैदान भरलं होतं.

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. उपरण्यानं तोंड पुसलं, फोन टीव्हीजवळ नीट टेकवून ठेवला. मग नवऱ्याकडे वळले. तो अजून रिमोट छातीशी धरून बसला होता, लहानपणी बसत असेल तसाच.

"बघतोस काय," आबा म्हणाले. "पुढची लाव."