जपानची रेघ आणि उकळतं पातेलं

चिकपेटेतल्या आमच्या दुकानात प्लायवूड कुठून घ्यायचं, हे मीच ठरवत आलो. शाळा चौथीत सुटली, पण दुकान माझं मी उभं केलं. माल केरळातल्या एकाच कारखान्यातून यायचा. मालक माझ्याच वयाचा. लग्नाकार्याला एकमेकांकडे जाणं-येणं.

मागच्या वर्षी पोरानं माझ्यापुढं लॅपटॉप उघडला. पोरगा शिकलेला, सर्जापूर रोडला अपार्टमेंटात राहतो, दुकानात पाहुण्यासारखा येतो. पडद्यावर दोन रेघा. एक जपानची, एक आपली. कुठल्या देशानं वर्षाला किती किमतीचं प्लायवूड बाहेरून आणलं, त्याच्या.

"स्वल्प बघा अप्पा. जपानची रेघ खाली येतेय, आपली वर चाललीय. सगळे बाहेरचा माल घेतायत, आपणच मागं. केरळचं बंद करू, व्हिएतनामचं आणू."

"जपानची खाली का आली?"

"त्यांच्याकडं आता घरचंच जास्त बनतं."

"म्हणजे ते शहाणे झाले आणि तू घरचं सोडायला निघालास."

"तसं नाही हो. तुम्हाला ग्राफ कळत नाही."

हे तो हमालांसमोर बोलला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मिटव तो डबा. प्लायवूडची परीक्षा आमच्यात एकच, तुकडा पाण्यात उकळायचा. तुझा एक, माझा एक. ज्याचे थर सुटतील, त्यानं आपला माल सोडायचा.

"सरी, ठरलं," म्हणाला. ओठांत हसला, ते मी पाहिलं.

मागं चहाची शेगडी आहे. त्यानं बॅगेतला व्हिएतनामचा नमुना पातेल्यात टाकला. मी तणतणत थप्पीशी गेलो, हाताला लागला तो तुकडा उचलला आणि टाकला. पाणी खदखदायला लागलं तसा तो वाकला.

"अप्पा, हे साधं आहे. कपाटाचं. वॉटरप्रूफ पलीकडच्या थप्पीत. बदला."

साध्या प्लायवूडचे थर गरम पाण्यात सुटतात, हे आमच्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक. ते मला यानं सांगायचं?

"टाकलं ते टाकलं."

"हट्ट नको. मी बदलतो, कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणे! त्याच्या दयेवर जिंकून मी गल्ल्यावरच्या माझ्या खुर्चीत बसायचं? स्टूल ओढलं आणि पातेल्यापुढं बसलो. त्याला हात लावू दिला नाही.

जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या तुकड्याचे थर पानांसारखे वेगळे झाले. त्याचा जसाच्या तसा.

"राहू दे अप्पा. निम्मा माल तुमचा, निम्मा माझा."

"भीक घालतोस?"

केरळला फोन मीच लावला. आम्ही दोघं मोडक्या हिंदीत बोलतो. यापुढं माल पाठवू नको म्हटलं.

"खराब निघाला?" त्यानं विचारलं.

"तुझ्या मालात खोट नाही."

"मग?"

मग काय सांगू? तोंडातून शब्द गेला, एवढंच म्हणालो. तो कुठला शब्द, विचारत राहिला. मी फोन ठेवला.

पोरगा तोवर टेप लावून भिंत मोजत होता, नवी थप्पी कुठं रचायची म्हणून. मोजत मोजत माझ्या खुर्चीमागं आला.

"इथं नाही," म्हटलं. "इथं तुझा माल टेकवलास तर एकेक फळी रस्त्यावर फेकीन."

त्यानं टेप गुंडाळली आणि पलीकडची भिंत धरली.