दोराला न लागलेला हात

रथोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मालवण किनाऱ्यावरील एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आदल्या दिवशी हद्दीतील एका गावात देवाचा रथ निघाला होता. बंदोबस्तावरची माणसे थकून परतली होती. मी ठाणे दैनंदिनी तपासत असताना फोन वाजला. महिला हवालदाराने तो स्पीकरवर टाकला.

एका घराचे नाव सांगून पलीकडचा माणूस म्हणाला, "थंयचो म्हातारो मेलो. आज नाय, कालच मेलो. झीलान लपवलो. काजीच्या बागेवरून बापाशी भांडण होता त्येचा."

"तुमचं नाव?"

"माझा नाव कित्याक व्हया तुमका? जेवणाक बोलावतल्यात? मडा जळाच्या आदी येवा!"

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधणे चालू होते. मयत वृद्ध देवस्थानचे मानकरी होते. गावकर, म्हणजे मानकऱ्यांतला प्रमुख, रथासमोर गाऱ्हाणे घालून देवाला गावाची विनवणी करतो. त्यानंतर रथाच्या काथ्याच्या दोराला पहिला हात याच घराण्याने लावायचा, मग बाकीचा गाव दोर धरतो. म्हातारे बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. त्यामुळे यंदा तो मान मुलाकडे आला होता.

मुलगा चाळिशीचा, शेती करणारा. माझ्याशी तो पुस्तकी मराठीत बोलला. "साहेब, बाबा आज पहाटे झोपेतच गेले." त्याची बायको दाराशी तोंडावर पदर धरून बसली होती. ती रडत नव्हती. माझ्या नजरेने ते टिपले.

मी अंत्यविधी थांबवला. लोकांत कुजबुज सुरू झाली. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन, पंचनामा करून मृतदेह ग्रामीण रुग्णालयात पाठवला. अंगावर इजेची खूण नव्हती. मात्र शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले, "ताठरपणा उतरू लागलाय. मृत्यू आजचा नाही, काल सकाळचा असावा." म्हणजे फोन करणारा निदान वेळेबाबत खरे बोलत होता आणि मुलगा खोटे. जमिनीचा वाद आणि मृत्यूच्या वेळेबाबत खोटे बोलणे, एवढ्यावर कोणताही तपास अधिकारी संशय धरेल.

ठाण्यात त्याची चौकशी सुरू केली.

"काजूच्या बागेचा वाद होता?"

"होता."

"मग वडील कधी गेले ते खरं सांगा."

"आज पहाटे, साहेब."

रचून सांगणारा माणूस प्रत्येक वेळी काहीतरी नवे जोडतो, असा माझा अनुभव. हा काहीच जोडत नव्हता. तेवढे एकच वाक्य धरून बसला होता.

दरम्यान हवालदाराने उत्सवाचे मोबाइलवरचे चित्रण मिळवले होते. आदला दिवसभर हा माणूस कुठे होता, ते पाहायचे होते. पडद्यावर झेंडूच्या माळांनी सजलेला रथ दिसला. देवाची मूर्ती पालखीतून रथात बसली, ढोल वाजले, गाऱ्हाणे झाले आणि सगळ्यांच्या नजरा मानकऱ्याच्या मुलाकडे वळल्या. तो दोरापासून दूर, हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याचा चुलतभाऊ ओरडला, "काय रे, नव्या नवऱ्यासारखो लाजतंस कित्याक? लाव हात!"

"खांदो दुखता माझो. तू लाव."

चुलतभावाने हात लावला आणि रथ हलला. पुढे कुणीतरी प्रसादाचा नारळ दिला, तोही याने घेतला नाही.

मी चित्रण पुन्हा पाहिले. खांदा दुखला तरी दोराला बोट लावता येते. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान कुणी एवढ्यासाठी सोडत नाही. मी मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. "हात का लावला नाही?"

त्याने मोबाइल पालथा घातला. मग त्याची पुस्तकी मराठी गळून पडली.

"माका सुतक लागलेला, साहेब. देवाच्या दोराक कसो हात लावू? चुलतभावाक ठावक नव्हता, आणि कळल्याशिवाय सुतक लागणा नाय."

पुढचे सगळे त्याने न विचारता सांगितले. वडील उत्सवाच्या दिवशीच सूर्य उगवताना गेले. गावात प्रेत असले की देऊळ उघडत नाही, आणि मानकऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर त्या वर्षी रथच निघत नाही. म्हाताऱ्यांनी आधीच मुलाकडून वचन घेतले होते: "मी मेलंय तरी रथ थांबूक नको. मुंबयसून लोका येतली." म्हणून त्याने खोलीचे दार लोटले आणि बाबांना झोप लागली आहे असे साऱ्यांना सांगितले.

"रथ आमच्या दारात इलो, तेव्हा माझ्या बायलेन ओवाळूक नाय. बाबांच्या खोलीत आतसून कडी लावन बसली. शेजाऱ्यांका आयकाक येयत म्हणान रडाक पण गावला नाय तिका."

मग त्याने विचारले, "जबाबात ह्यां लिवचाच लागतला?"

"लिहावंच लागेल. त्यानेच तुम्ही सुटाल."

"पोलिसांतसून सुटान, साहेब. पण गावाक कळला तर बाबांका खांदो कोण देतलो?"

मी जबाब लिहायला घेतला.

दुपारी मृतदेह घरी आणला. काही गडबड झाली तर असावे म्हणून मीही गेलो. तिरडी उचलण्याआधी त्याने हात जोडून सर्वांना स्वतःच सांगितले. चुलतभाऊ जमिनीकडे पाहत राहिला. तिरडीकडे कुणीच सरकेना.

शेवटी ज्यांनी गाऱ्हाणे घातले होते ते वृद्ध गावकर गर्दीतून पुढे आले. "देवाक काल सकाळीच कळलेला," ते म्हणाले. "तरी तो रथात बसलो. आता आमी कोण इचारणारे?" आणि त्यांनी तिरडीखाली खांदा दिला. मग चुलतभाऊ आला, त्याच्यामागे बाकीचे.

तेव्हा त्या सुनेने हंबरडा फोडला. बायकांनी धावत जाऊन तिला धरले.

वैद्यकीय अहवालात मृत्यू नैसर्गिक ठरला आणि प्रकरण बंद झाले. फोन कुणी केला होता ते मात्र कधी कळले नाही. संशयित काय करतो याबरोबर तो काय करायचे टाळतो हेही पाहायला मी या तपासात शिकलो. पुढच्या नोकरीत त्याचा उपयोग झाला.

बाकीचे कळायला उशीर लागला. गेल्या पावसाळ्यात माझी पत्नी गेली. अंगणात माणसे जमली. मला कुणापासून काही लपवायचे नव्हते, रडू आले तेव्हा मी रडलो. त्या दिवशी मला ती सून आठवली. बंद दाराआड, सासऱ्याच्या उशाशी बसून तिने जो दिवस काढला, तो माझ्या कागदपत्रांत एवढाच आहे: 'मुलाच्या पत्नीने आवाज केला नाही.'