गुण्या लावून पाहणारे सर

आष्टीतले गणिताचे सर दहावीच्या मुलांच्या दोन बॅच करतात. पहिलीत हुशार, दुसरीत उरलेले. 'उरलेले' हा शब्द ते मुलांसमोरच वापरतात आणि त्याला प्रोत्साहन म्हणतात. पहिल्या बॅचला ते स्वतः शिकवतात, दुसरीला त्यांच्या मिसेस. माझ्या मुलीची पहिली बॅच चाचणीतल्या एका गुणानं हुकली. ती जेवताना बोलेनाशी झाली, तेव्हा मी पेपर मागून घेतला.

प्रश्न साधा होता. आलेखावर दोन रेषा, त्यांवरचे बिंदू दिलेले; रेषा परस्परांना लंब आहेत का ते ठरवा. मुलीनं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. y निर्देशकांतला फरक भागिले x निर्देशकांतला फरक, म्हणजे रेषेचा चढ. एकीचा चढ २, दुसरीचा उणे एक द्वितीयांश, गुणाकार उणे एक. म्हणून लंब. त्यावर लाल फुली आणि शेजारी शेरा: 'आकृती नीट पाहा.'

मी पाहिली. आपली प्रत्येक चाचणी एकाच कागदावर मावते, हा सरांचा मोठा अभिमान. त्यासाठी ते कॉम्प्युटरवर आलेख वरून दाबून बुटका करतात. चौकटी चौरस न राहता विटेसारख्या आडव्या झाल्या होत्या. कोपऱ्यात मात्र ठसठशीत छापलेलं, 'दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक'. ही ओळ आपल्याकडे देवाच्या फोटोवरच्या हारासारखी प्रत्येक आलेखावर असते. वाचत कोणीच नाही, छापणाराही नाही.

सकाळची कामं क्रमानं उरकली, पेपर आणि पट्टी पर्समध्ये टाकली आणि मुलीला स्कूटीवर मागे बसवून तळेगावहून आष्टीला सरांकडे निघाले.

"मॅडम, तुम्ही कायले त्रास घेतला," सर म्हणाले. "पोरगी हुशारच हाय. जरा घाई करते." त्यांनी कंपासपेटीतला गुण्या काढून आकृतीवर ठेवला. "पाहा, काटकोन बसून राह्यला का? नाई बसत. मंग लंब कशा?"

बाजूला एका मुलाचे वडील बसले होते. "ताई, एका मार्कासाठी इतक्या उन्हात? आमचा तं पुरा नापास झाला, तरी आम्ही आलो नाई."

"मग आज कसे आलात?"

"थो शाळेतही नाई, घरीही नाई. इथं हाय का पाह्याले आलो."

मुलगी म्हणाली, "सर, चढांचा गुणाकार उणे एक येते ना."

"येते बेटा. पण प्रत्यक्षात दिसाले पायजे."

म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागू नये म्हणून जे गणित करायचं, ते डोळ्यांना पटलं तरच बरोबर. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही अक्षांवरचं एकेक एकक मोजायला सांगितलं. आडवं एक सेंटिमीटर भरलं, उभं अर्धाच. सरांनी पुन्हा मोजलं. मग पट्टी उलटी धरून मोजलं.

"झेरॉक्सवाल्यानं दाबलं असन," ते म्हणाले.

"आणि ज्यांनी 'लंब नाहीत' लिहिलं, त्यांना?"

"त्यांले पूर्ण मार्क दिले. त्यांच्यातून कोणी तक्रार नाई केली."

कशाला करतील? गुण्या लावणारे पहिल्या बॅचमध्ये बसले होते आणि गणित करणारी उरलेल्यांत. सरांना यात काही खटकलं नाही. त्यांनी लाल पेन उचललं, फुली तशीच ठेवली आणि शेजारी अधिक एक लिहिलं. "जाऊ द्या. सहानुभूतीचा मार्क. उद्यापासून पहिल्या बॅचले येजो."

मी उठले. माझं काम झालं होतं. मुलगी उठली नाही.

"सर, पहिलीले तुम्हीच शिकवता ना?"

"पहिलीले मीच."

"मंग मी दुसरीतच राहीन."

ते वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला.  मुलीनं पेपर पुन्हा सरांपुढे सरकवला.

"मार्काचं राहू द्या सर. फुली खोडून बरोबरची खूण करून द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत होते. त्यांनी फुली खोडली आणि खालच्या कोपऱ्यात, कागदाला दुखेल की काय अशा बेतानं, बरोबरची एक बारीक खूण केली. मुलीनं ती निरखून पाहिली आणि मगच पेपराची घडी घातली.