ऐकताना म्हटलेलं ‘हव’

दुपारी मी सध्या फ्रँक राजांचा इतिहास वाचते. फार जुने लोक. त्यांच्यात राजा मेला की राज्य मुलांत वाटायचे आणि मग भाऊ एकमेकांवर उठायचे. एका राणीचा एक मुलगा लढाईत गेला, त्याची मुले तिने सांभाळली. राजघराण्यातले केस कापत नसत. केस गेले की गादीवरचा हक्क गेला. पोरांच्या काकांनी त्यांना गोडीने बोलावून घेतले आणि आपल्या आईकडे, म्हणजे त्या राणीकडेच, कात्री व तलवार पाठवली. पोरांचे केस कापायचे की त्यांना मारायचे, तूच सांग. ती संतापून बोलली, गादी मिळणार नसेल तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बरे. निरोप्याने तेवढेच उचलून नेले. दोन नातू मारले गेले, आजीच्या शब्दावर.

इथे मी पुस्तक मिटले.

बाळांनो, तुम्ही तिकडे लांब असलात आणि तुमचे बाबा गेले असले तरी रामटेकच्या धानाच्या शेतात त्यांचा वाटा आहे. तो तुमचा. परवा मोठे काका माझ्या खाटेवर बसून बराच वेळ बोलले. “पोट्टे काही परत येत नाहीत, आई. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली की झालं.” आपल्याकडे समोरचा बोलत असला की मधूनमधून ‘हव, हव’ म्हणतात. ‘हव’ म्हणजे हो, पण अशा वेळी ऐकते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मीही म्हणत होते.

काल धाकटे काका वाडीच्या गोदामातून थेट घरी आले.

“दादाले तू हव म्हटलं ना वं, आई?”

“ते ऐकताना म्हटलं.”

“म्हणजे हव दोन परकारचं असते? इंग्रजी शिकलेल्या बाईचं काही खरं नाही बाप्पा!”

सगळे हसले. सूनबाईही. मीही थोडी हसले, आणि तिथेच चुकले. माझे म्हणणे हसण्यावारी गेले आणि माझा होकार ठरूनच गेला.

काका वाईट नाहीत. माझ्या गोळ्या मोठेच आणतात, गुडघे दुखले तर हात धरून न्हाणीपर्यंत नेतात. म्हणूनच जीव अडकतो. मला राहायचे याच घरात आहे.

रविवारी तुम्हाला व्हिडिओ कॉल लागेल. दोघे काका माझ्या दोन बाजूंना बसतील, फोन माझ्या हातात देतील. त्या वेळी मला स्पष्ट ‘नाही’ म्हणता येईल का, खरेच ठाऊक नाही. म्हणून आज, खोलीत कोणी नसताना लिहिते आहे. माझ्या तोंडून काहीही ऐकू आले तरी सही करू नका.