प्रस्थान ठेवलेला माणूस

युरोपातले सहा देश पाहायला मी घरातून निघालो त्या दिवशी गावानं मला ओवाळलं, हातावर दही घातलं, आणि मी शेजारच्या गणपतरावांच्या ओसरीवर जाऊन पोचलो. त्यानंतर माझा प्रवास फार जोरात झाला असं म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. बोरी अरबला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर आणि घराला लागून पूर्वेला माझं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. (पूर्वेला, हे लक्षात ठेवा. पुढं त्यानंच माझा घात केला.) धाकटा भाऊ माधव जर्मनीत एका कारखान्यात लागला होता आणि त्याची नवी नवरी इंदू आमच्याकडे राहून बोलावण्याची वाट पाहत होती. बोलावणं आलं. पण कोवळ्या सुनेला एकटीला बोटीवर बसवून देणार कसं? बनूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि आमच्या घरचं हायकोर्ट, तिनं निकाल दिला, "एकटी नाही जाणार. सोबत गडी माणूस पाह्यजे."

घरात गडी माणूस मी एकटाच. माधवनं कळवलं की दादा-वहिनी दोघंही या, मी इटलीत बंदरावर येतो, आणि पाच आठवडे तुम्हाला युरोप हिंडवतो. मी तोवर सर्वांत लांब गेलो होतो तो वणीपर्यंत, आणि तोही एका वऱ्हाडाबरोबर ट्रकच्या टपावर बसून. युरोप म्हटल्यावर माझ्या पायांत असं वारं शिरलं की मी दुकानात बसल्या बसल्या चपला झिजवू लागलो. इंदूचा जीव माधवात होता, माझा स्वित्झर्लंडात. आणि माझी बायको सुशीला हिला एकच गोष्ट पाहायची होती : बर्फ. गोळ्यावरचा नव्हे, डोंगरावरचा.

जेवणं झाली की रोज शाळेचा नकाशा पसरून बेत सुरू व्हायचा. माधवनं आखून दिलेला मार्ग सरळ होता. इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड, इंग्लंड, फ्रान्स. पण तो आत्याच्या पंचांगातून जायचा होता.

"हे सुजरलंडातून जर्मनीले कोन्या वारी जाता?" आत्या विचारायची.

"मंगळवारी."

"जर्मनी कोन्या दिशेले?"

"उत्तरेला."

"मंगळवारी उत्तरेले दिशाशूल रायते. बुधवारी बी. गुरुवारी निंगा."

"गुरुवारी गाडी नाही, आत्या."

"मंग आधी हॉलंड करा, अन् जर्मनीले वरून खाली या."

याप्रमाणे आम्ही आल्प्स पर्वत दोनदा ओलांडला आणि इंग्लंडला तीनदा गेलो. एका बेतात तर रविवारी पश्चिमेला जायचं नाही म्हणून आम्हाला फ्रान्सहून हॉलंडला जाताना वाटेत रशिया लागला. माधव जर्मनीत मोठमोठी यंत्रं जोडत होता, पण त्यालाही हा मार्ग जोडता आला नसता.

खरा पेच पडला तो निघण्याच्या मुहूर्ताचा. बोट सुटायची ज्येष्ठात, आणि आत्यानं पंचांगात पाहिलं तर चैत्र संपता संपता शुक्राचा अस्त. अस्तात सून सासरहून नवऱ्याकडे पाठवायची नाही आणि समुद्र तर ओलांडायचाच नाही. "त्याच्या आधी प्रस्थान ठेवा लागन," आत्या म्हणाली.

प्रस्थान म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. मुहूर्त एका दिवशी आणि प्रवास दुसऱ्या दिवशी असला, की मुहूर्तावर आपलं गाठोडं प्रवासाच्या दिशेला असलेल्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. सुशीलाचं आणि इंदूचं असं एकेक लुगड्याचं गाठोडं बांधलं. मीही आपलं एक धोतर घडी करून पुढं केलं.

आत्या म्हणाली, "तुहं धोतर नाही चालत. समुद्राचा प्रवास हाय. घरातल्या एकानं तरी सोता निंगा लागते."

"मग मीच काहून?"

"सुना निंगल्या तर सयपाक तू करशीन काय?"

अशा रीतीनं माझा युरोपचा प्रवास सुरू झाला. अटी तीन. घरात परत पाय ठेवायचा नाही. पूर्वेकडे मागं वळायचं नाही. आणि घरच्यांनी मला किंवा मी घरच्यांना हाक मारायची नाही, कारण तू गेला म्हंजे गेला. शिवाय एका घरी तीन दिवसांच्या वर प्रस्थान टिकत नाही, ते पश्चिमेकडे पुढं सरकावं लागतं.

यात कोट सांगायचा राहिलाच. यवतमाळच्या एका शिंप्यानं मला लोकरीचा लांब कोट शिवून दिला होता. त्यानं बर्फ कधी पाहिला नव्हता, त्यामुळे भीतीपोटी त्यानं अस्तरावर अस्तर घातलं. त्या कोटाला उभं राहायला आत माणसाची गरज नव्हती. मी तो ट्रंकेत टाकायला निघालो तर आत्या म्हणाली, "घालून घे. निंगालेला माणूस निंगाल्यावाणी दिसला पाह्यजे."

यवतमाळ जिल्ह्यातला वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी काय सांगू? आमच्याकडे त्या दिवसांत कोंबडी अंडं घालते ती उकडलेलंच. अशा उन्हात मी गळ्यापर्यंत गुंड्या लावून, मफलर गुंडाळून, गणपतरावांच्या ओसरीवर युरोपची वाट पाहत बसलो.

दुकान पूर्वेला, त्यामुळे ते मला बंद. ते सुशीला सांभाळू लागली. ओसरीवर बसल्या बसल्या मला तागडीचा आवाज ऐकू यायचा. माझ्या हातून तागडी इतकी कधी वाजली नव्हती. माझ्यावाचून दुकान वाढत होतं आणि मी नुसता उठबस करत होतो. गणपतरावांची ओसरी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या वेळा चाललो, की ते अंतर सरळ रेषेत धरलं असतं तर मी इटलीत कधीच उतरलो असतो.

"बस ना बापा एका जागी," गणपतराव म्हणायचे. "तुह्यानं माही शेणानं सारवलेली जमीन उखडून राह्यली."

पुढचा मुक्काम वानखडे गुरुजींकडे होता. गुरुजींनी बुद्धधम्म घेतल्यापासून मुहूर्त, शकुन, दिशाशूल सगळं सोडून दिलं होतं, आणि शाळेजवळ खोली घेऊन राहत होते. पश्चिमेला पुढचं घर तेच. तिथं मात्र आत्याचा पाय अडखळला. सुशीला दुकानातून ढेप मोजता मोजता म्हणाली, "आत्याबाई, फ्रान्समंधी हे कोणाच्या हातचं खाणार होते, तुमी इचारलं होतं काय?"

आत्यानं तोंडातला विडा या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाली, "दिशा बरोबर हाय."

गुरुजींनी दारातच सांगितलं, "मी मुहूर्त मानत नाही, पाहुणा मानतो. या. पण आधी तो कोट काढा."

"काढता येत नाही, गुरुजी."

"कोणी सांगितलं?"

"आत्यानं."

गुरुजींनी दार पुरतं उघडलं. "मग राहू द्या," ते म्हणाले. सगळ्या रूढी झुगारून दिलेला माणूसही आत्याला झुगारू शकत नव्हता. पण तिथं मी जी आंबाडीची भाजी खाल्ली, तशी फ्रान्सात मिळाली नसती हे मी आजही छातीठोक सांगतो. (फ्रान्स मी पाहिलेला नाही.)

तिथून मी सरकलो तो लालसिंग नाईकांच्या ओट्यावर. लालसिंग बंजारा समाजातला तालेवार माणूस. "आव, बेस," म्हणून त्यानं मला बाजेवर बसवलं आणि गरम बाटी समोर ठेवली. बाटी म्हणजे त्यांच्या बोलीत आपली भाकर. आत्या आदल्या दिवशीच येऊन त्याच्याकडून वचन घेऊन गेली होती की कोणी विचारलं तरी निघालेल्याचं नाव घ्यायचं नाही, पाव्हणा हाय म्हणायचं. लालसिंगचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आणि त्याच दुपारी पासपोर्टाच्या चौकशीला जमादार आला.

ठाण्यावर नवाच बदलून आलेला माणूस. सायकल आमच्या दारात टेकवताना मी त्याला ओट्यावरून पाहिलं, आणि माझं काळीज कोटाच्या अस्तरात शिरलं. आमचे तिघांचे अर्ज मुंबईला गेले होते. माणूस राहतो तिथं आहे, भला आहे, एवढं जमादारानं लिहून पाठवलं की पासपोर्ट हातात, बोट पायाखाली, आणि डोंगर पुढ्यात. पण तो पूर्वेला आणि मी पश्चिमेला. मला मागं जाता येईना, हाक मारता येईना. एवढं दिसलं की आत्या दारात आली आणि तिनं हात पश्चिमेकडे लांब फेकला. इतका लांब, की तो समुद्राच्या पलीकडे पडला असावा.

काय बोलणं झालं ते इंदूनं मागाहून सांगितलं.

"वसंतराव हायेत काय?"

"गेले."

"कुठी?"

"युरोपले."

"अवं बाई, पासपोर्ट तर अजून निंगाचा हाय."

"मुहूर्त निंगाला होता ना," आत्या म्हणाली.

जमादारानं सुशीलाचं नाव विचारलं. "मी इथंच हाये," ती दुकानातून म्हणाली. इंदूही पदर सावरून पुढं आली. त्यानं दोघींना डोळ्यांनी पाहिलं, आणि घाम पुसत, सायकल ढकलत, पाणी प्यायला थेट लालसिंगच्या ओट्यावर आला.

"कमाल गाव हाय, नाईकसाब," तो तांब्या रिकामा करून म्हणाला. "चौकशी कराले आलो तं माणूस निंगून बी गेला. बिनापासपोर्ट."

मी उठून उभा राहिलो. "जमादारसाहेब, तो मीच."

त्यानं मला खालून वर पाहिलं. भर वैशाखाची दुपार, लोकरीचा कोट, मफलर, आणि नाकाच्या शेंड्यावरून गळणारं पाणी.

"तुमी युरोपले गेले?"

"गेलो. म्हणजे निघालो. अजून पोचलो नाही."

"कवा निंगाले?"

"झाले बरेच दिवस. तीन मुक्काम झाले."

"घर कुठी हाय तुमचं?"

"ते काय," मी त्याच्या पाठीमागं बोट दाखवलं.

"मंग घरी काहून नाही जात?"

"आत्या येऊ देत नाही."

जमादार लालसिंगकडे सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे कोण हायेत?"

मी लालसिंगकडे पाहिलं. माझा सगळा युरोप त्या क्षणी त्याच्या मिशीवर टांगलेला होता. लालसिंगनं मिशीवरून हात फिरवला.

"पाव्हणा हाय," तो म्हणाला.

"बरा हाय ना?"

"तसा बरा हाय. कोट तेवढा काढत नाही."

"सावलीत ठेवा याले," जमादार कळवळून म्हणाला, आणि सायकलवर टांग मारून गेला.

व्हायचं तेच झालं. सुशीला आणि इंदू, दोघींचे पासपोर्ट आले. माझ्याबद्दल उलट विचारणा आली की अर्जदार पासपोर्टाशिवाय परदेशी कसा गेला, याचा खुलासा व्हावा. मला ते ठाऊक असतं तर मी केव्हाच गेलो नसतो काय?

हे निस्तरायला यवतमाळला जावं लागणार होतं, आणि यवतमाळ पूर्वेला. "प्रस्थान मोडलं तं बोट बुडते," आत्यानं बजावलं. बोटीत इंदू असणार होती. समजा सगळे बचावले असते, तरी मला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी पश्चिमेच्या ओट्यांवरच घुटमळत राहिलो. बोटीचा दिवस जवळ आला. इंदू कोपऱ्यात बसून डोळे पुसू लागली, कारण सोबत गडी माणूस नाही म्हणून आत्या तिलाही सोडायला तयार होईना.

शेवटी सुशीला बोलली. "आत्याबाई, माह्या ठिकाणी माहं गाठोडं चाललं ना? मंग यांच्या ठिकाणी यांचा कोट काहून चालत नाही?"

आत्यानं विडा चघळायचं थांबवलं.

"सोबत गड्याची पाह्यजे," सुशीला म्हणाली. "कोट गड्याचाच हाय."

आत्यानं कोटाकडे पाहिलं, मग कोटातल्या माझ्याकडे पाहिलं. दोघांत ताठ कोण उभा आहे हे तिला दिसलं असावं. "चालते," ती म्हणाली.

एस.टी.च्या थांब्यावर मी कोट काढला आणि सुशीलाच्या हातात दिला. इतक्या दिवसांनी अंगाला वारं लागलं आणि मला अगदी पोरकं वाटलं. गाडी हलली तेव्हा मी 'सांभाळून जा' म्हणणार, तोच आत्यानं डोळे वटारले, निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. खिडकीतून सुशीलाच म्हणाली, "पाऊस आला तं ढेप झाकजा."

मी घराकडे वळलो. आत्या आडवी आली.

"तू कुठी चालला? कोट गेला म्हंजे तू गेला. कोट येईपर्यंत घरात येता येत नाही."

ढेप आत्यानंच झाकली. मी गणपतराव, गुरुजी, लालसिंग असा दौरा पुन्हा सुरवातीपासून केला.

सुशीला परतली ती सहा देश पाहून. दिशाशूल तिनं कुठंच पाळला नव्हता, असं नंतर कळलं. एक फोटो तिनं आणला होता. मागं पांढरा डोंगर, पुढं गुडघाभर बर्फ, आणि त्यात माझा कोट घालून ती हसत उभी. कोट तिला माझ्यापेक्षा शोभत होता. आत्यानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आधी सुशीलावरून, मग कोटावरून. मग कोट बैठकीतल्या खुंटीवर मानानं टांगला गेला, आणि गावातले लोक येऊन त्याची बाही चाचपून जाऊ लागले.

पावसाळा संपता संपता तो जमादार पुन्हा आला. या वेळी सहज, चहाला. खुंटीकडे पाहत म्हणाला, "आले वाटते वसंतराव युरोपहून?"

"आले ना," आत्या म्हणाली. "थे पाहा खुंटीवर."

मी चहाची कपबशी घेऊन त्याच्या समोर उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळख पटली, आणि बशी जरा सावधपणे हातात घेतली.

"अन् हे?"

"हा?" आत्या म्हणाली. "हा कुठी जाते? हा इथंच रायते."